आधी मीटर वाचा

नातवाच्या शाळेसाठी आम्ही तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरात आम्ही तिघे. तीन दिवे, दोन पंखे आणि एक लहान फ्रिज, एवढाच विजेचा पसारा. दरमहा सुमारे ९० युनिटे पडत. बिल साडेपाचशेच्या आसपास येई.

२०१९ सालच्या मे महिन्यात बिल आले. रक्कम पाहून डोळे फिरले. ४,७०० रुपये! पेन्शनीवर चालणारे घर. एवढे पैसे आणायचे कोठून?

आमच्या शेजारच्या खोलीत एक बाई राहत. शिवणकाम करून दोन मुलांना वाढवत. त्यांच्या यंत्राला मोटर होती. रात्री उशिरापर्यंत यंत्राची घरघर ऐकू येई. आमच्या मनात पाप आले. आम्ही घरमालकांना म्हणालो, "मालक, या बाईंनी आमच्या मीटरवर वायर तर टाकली नाही ना?"

दार उघडे होते. ताईंनी ते ऐकले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे बघणेही सोडले.

संध्याकाळी आम्ही साक्षरता वर्गावर गेलो. तोंड उतरलेले होते. वर्गातल्या एक मावशी भाजी विकतात. त्यांनी विचारले, "गुरुजी, काय झालं?" आम्ही बिलाची हकिगत सांगितली. मावशी म्हणाल्या, "मग मीटरवर आकडा किती हाय?"

आम्ही गप्प! तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. पण जिन्याखालचा मीटर कधी वाचला नव्हता.

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, दुधाचा रतीब आपण वहीत लिहितो. वही बघूनच पैसे देतो. मग हितं न बघता कसं बोलायचं?"

बिलावरचे दोन आकडे

घरी येऊन बिल नीट वाचले. त्यावर 'मागील रीडिंग' २,३१४ होते. 'चालू रीडिंग' २,७८६ होते. मोठ्यातून लहान आकडा वजा केला.

२,७८६ − २,३१४ = ४७२ युनिटे.

मग मीटरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहिला. तो आमचाच होता. मीटरवरचा आकडा बिलावरच्या आकड्याच्या थोडा पुढे गेला होता. म्हणजे बिल लिहिणाऱ्याची चूक नव्हती. वीज खरोखरच आमच्या मीटरमधून गेली होती. नेहमीपेक्षा ३८२ युनिटे जास्त!

युनिट म्हणजे काय?

१,००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडते. आता पाहा, एक युनिट पडायला किती वेळ लागतो:

९ वॉटचा एलईडी दिवा – सुमारे १११ तास
७५ वॉटचा पंखा – सुमारे १३ तास
१०० वॉटची शिलाई यंत्राची मोटर – १० तास
१,००० वॉटची इस्त्री – १ तास
१,५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड – ४० मिनिटे

ताईंची मोटर १०० वॉटची. रोज दहा तास चालली तरी महिन्याला ३० युनिटे. मग ३८२ युनिटे त्यांनी जाळली, हे कसे शक्य होते? हिशेब मांडला आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

वीज गेली कोठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या घरातला मेन स्विच बंद केला. दिवे, पंखे, फ्रिज, सगळे बंद. मग मीटरपाशी जाऊन उभे राहिलो. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता! तासाभरात आकडा दोनाने वाढला.

तेवढ्यात वरून पाण्याचा आवाज आला. मालक वरचा मजला बांधत होते. नव्या स्लॅबवर रोज सहा तास पाणी मारणे चालू होते. बोअरचा पंप दोन हॉर्सपॉवरचा. आम्ही मालकांना बोलावून पंप बंद करवला. लाल दिवा थांबला.

पंपाला तासाला सुमारे २ युनिटे लागतात. सहा तासांची १२, आणि ३० दिवसांची ३६०. हिशेब जवळजवळ जुळला.

परवाना असलेल्या वायरमनने तपासले. बांधकामावरच्या माणसाने पंपाची वायर चुकून आमच्या मीटरला जोडली होती. मालकांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी चूक मान्य केली. ९० युनिटांचे पैसे आम्ही दिले, बाकीचे त्यांनी भरले.

पैशाचे काम झाले. पण एक देणे राहिले होते. आम्ही ताईंच्या दारी गेलो. म्हणालो, "ताई, आमचं चुकलं. न बघता बोललो." त्या म्हणाल्या, "गुरुजी, गरिबावर आळ लवकर येतो." आम्हाला उत्तर सुचले नाही.

हे ध्यानात ठेवा

१. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा. खोली भाड्याने घेताना पहिला आकडा मालकांसमोर लिहा आणि दोघांनी सही करा.

२. युनिटे वाढली की दरही वाढतो. महाराष्ट्रात घरगुती विजेची पहिली १०० युनिटे स्वस्त. १०१ ते ३०० पर्यंतची महाग. त्यापुढची आणखी महाग. म्हणून आमची युनिटे पाचपट झाली, पण बिल आठपट झाले.

३. मीटर वाचला नसेल तर कंपनी सरासरीने बिल देते. बिलावर तसे लिहिलेले असते. ते पाहा.

४. बिल चूक वाटले तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आक्षेप नोंदवून पैसे भरता येतात. बिलाची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती भरावी. मग वीज तोडता येत नाही.

५. मीटर उघडू नका. वायरीला हात लावू नका. ते काम वायरमनचे.

अभ्यास

१. मागील रीडिंग ४,१२०. चालू रीडिंग ४,२०५. किती युनिटे पडली?
२. ७५ वॉटचे दोन पंखे रोज १० तास चालतात. ३० दिवसांत किती युनिटे पडतील?
३. गुरुजींची चूक कोणती? ती कोणामुळे कळली?
४. आज घरी जाऊन आपल्या मीटरचा आकडा वाचा, वहीत लिहा आणि उद्या वर्गात सांगा.