सुट्टीत तात्पर्य विचारू नका

परीक्षा संपली की दोन-तीन दिवस मुलं हुंदडण्यात घालवतात. मग ऊन तापतं, अकरानंतर खाली खेळायला पाठवता येत नाही, आणि पंख्याखाली बसलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल येतो. काढून घेतला तर आदळआपट, दिला तर रात्री उशिरापर्यंत झोप नाही. ‘यावर काय करायचं?’ असं आईबाबा दर मे महिन्यात विचारतात. मी म्हणते, गोष्टींची पुस्तकं द्या, आणि तीही हलकीफुलकी द्या. रहस्यकथा, साहसकथा, भुताखेतांच्या गोष्टी, खोडकर मुलांच्या गोष्टी.

हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. आपल्या मनात सुट्टीतलं वाचन म्हणजे थोरांची चरित्रं, सामान्यज्ञान, इंग्रजी सुधारणारं काहीतरी. ती पुस्तकं चांगलीच आहेत, त्यांची वेळही येईल. पण ज्या मुलाला मिनिटा-अर्ध्या मिनिटाला नवा व्हिडिओ बघायची सवय लागली आहे, ते तिसऱ्या पानावर उठून जातं. त्याला बसवून ठेवते ती एकच ओढ: पुढे काय झालं?

भा. रा. भागवतांना ही ओढ पुरती ओळखता आली होती. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने काटकुळा, सायकलवर सुसाट, आणि काही सुचलं की तोंडातून ‘ट्टॉक्’! ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती देणारे भागवतच. गोष्ट पळवायची कशी, हे त्यांना नेमकं माहीत होतं. एक फेणे वाचून झाला की मूल दुसरा मागतं, आणि मालिकेचा खरा फायदा तिथेच आहे. नायक तोच, दोस्त तेच, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात शिरायला कष्ट पडत नाहीत. पानांमागून पानं उलटत जातात आणि वाचनाचा वेग आपसूक वाढतो. सलग तासभर एका जागी मन लावून बसणं ज्या मुलाला जमत नव्हतं, त्याला ते रहस्य उलगडण्याच्या नादात जमायला लागतं. मला स्वतःला याहून मोठी कमाई दुसरी कुठली वाटत नाही.

थोडी लहान मुलं असतील तर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे द्या, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे. त्यातल्या वेचक साहित्याचे ‘निवडक किशोर’ हे खंडही आहेत.

आता मनापासून एक मागणं. पुस्तक मिटलं रे मिटलं की ‘काय शिकलास? तात्पर्य सांग’ असं विचारू नका. वहीत सारांश लिहायला लावू नका, किती पुस्तकं झाली याचा तक्ता भिंतीवर लावू नका. सुट्टीतल्या वाचनाचा अभ्यास झाला की मूल परत मोबाइलकडे वळतं, आणि त्यात त्याचा दोष नसतो. विचारायचंच असेल तर ‘मग चोर कोण निघाला?’ असं विचारा. ते अर्धा तास बोलेल, तुम्ही फक्त ऐका. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचत असेल तर वाचू द्या. आवडलं नाही म्हणून अर्ध्यावर सोडलं, तरी चालेल.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना मराठी कळतं, पण अक्षरं जुळवता जुळवता दम लागतो. अशा वेळी दुपारच्या जेवणानंतर पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा. अगदी रंगात आल्यावर थांबा आणि पुस्तक तिथेच ठेवून कामाला लागा. पुढचं पान ते स्वतः उलटण्याची शक्यता खूप मोठी आहे.

आणि तुम्ही? सोफ्यावर बसून स्वतः फोन चाळत ‘जा, वाच’ म्हटलं तर कोण ऐकेल? तुमच्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड रात्र रात्र जागून वाचला. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि अभ्यासाच्या पुस्तकात लपवून त्या वाचणारी मुलं पुढे उत्तम वाचक झाली. तुमच्या वाट्याला नारायण धारपांच्या भयकथा आल्या असतील, सुहास शिरवळकर आले असतील. नोकरी-संसारात ते सगळं सुटलं. दमून घरी आल्यावर जड ग्रंथ उघडवत नाही, म्हणून आपण फोन उघडतो. त्या दमलेल्या तासासाठीच ही सोपी, वेगवान कादंबरी असते. ती वाचताना अपराधी वाटून घेऊ नका. आईला पुस्तकात गढून गेलेलं पाहिलं की मूल आपोआप शेजारी येऊन बसतं.

यासाठी फार खर्चही नाही. महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज राज्यात दहा हजारांहून जास्त शासनमान्य वाचनालयं आहेत. थोडी अनामत, थोडी मासिक वर्गणी, एवढंच लागतं. अनेक ठिकाणी बालविभाग असतो. पुस्तक बदलायला मुलाला बरोबर न्या, कपाटापुढे मोकळं सोडा, आणि मुखपृष्ठ बघून त्याने जे उचललं ते ‘हे कसलं घेतलंस?’ असं न म्हणता नोंदवून आणा. येत्या शनिवारीच जा, आणि येताना तुमच्यासाठीही एक घेऊन या.