ऊसबिलातल्या तारखा

न्हावऱ्याचा घोडगंगा असो, पाटसचा भीमा असो की आलेगावचा दौंड शुगर, शिरूर-दौंडच्या ऊस उत्पादकाचं सगळं गणित तीन तारखांवर चालतं: लागण कधी, तोड कधी, बिल कधी. अशा नोंदींच्या डेटाबेसवर काम करताना माझ्या मनाशी पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. तारखेचा रकाना टेक्स्ट ठेवू नका. टेक्स्टमध्ये ०५/०८/२०२३ ही तारीख १५/०७/२०२३ च्या आधी लागते, कारण तुलना डावीकडच्या आकड्यापासून सुरू होते. दोन्ही लागणी आडसाली, पण तोडणीची यादी लागणीच्या तारखेनं निघते. म्हणजे ऑगस्टचा ऊस पुढे आणि जुलैचा मागे. तोड लांबली की तुरा येतो, वजन घटतं. नुकसान ज्याचं होतं, त्याला क्वेरी कुठे चुकली हे कधीच कळत नाही. मला हेच सगळ्यात जास्त लागतं.

२. ॲक्सेसमध्ये तारखेच्या रकान्याची तुलना अवतरणचिन्हांतल्या मजकुराशी केली, तर 'डेटा टाइप मिसमॅच इन क्रायटेरिया एक्स्प्रेशन' असा संदेश येतो. तो आला तर बरंच म्हणायचं, निदान काम थांबतं. खरा धोका पुढे आहे. एसक्यूएलमध्ये दोन हॅशच्या मध्ये ०५/११/२०२३ लिहिलं की ॲक्सेस ११ मे वाचतं; १५/११/२०२३ मात्र बरोबर १५ नोव्हेंबर, कारण पंधरावा महिना नसतो. बारा तारखेपर्यंत गुपचूप चूक, तेरापासून सगळं ठीक! वर्ष आधी लिहा: २०२३-११-०५. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकारात भाषेच्या सेटिंगनुसार हेही उलटू शकतं. तिथे सलग २०२३११०५ लिहावं.

३. गट ऑफिसकडून आलेली एक्सेल शीट आधी नुसती डोळ्यांखालून घाला. खरी तारीख आपोआप उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसलं, तर इम्पोर्ट थांबवा.

४. पंधरवड्याचं बिल काढताना 'बिटवीन' १ आणि १५ लिहू नका. काट्यावर वेळही नोंदली जाते, त्यामुळे १५ तारखेला मध्यरात्रीनंतर वजन झालेल्या गाड्या गळतात. १ पासून पुढे आणि १६ च्या आत, अशी अट घाला.

५. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. लाखामागे रोजचे सुमारे ४१ रुपये. थकबाकी काढताना पेमेंटच्या तारखेतून वजनाची तारीख वजा करतात. पण पैसे मिळालेच नसतील तर पेमेंटची तारीख नल असते, वजाबाकीही नल येते आणि '१४ पेक्षा जास्त' या अटीत ती ओळ बसत नाही. ज्यांचे पैसे अडकलेत नेमके तेच यादीतून गायब! तिथे नलच्या जागी आजची तारीख धरून दिवस मोजा.