पिठले-भाकरी

घरात भाजी नसताना अवेळी पाहुणा आला, तरी सातारा-सांगलीकडची गृहिणी गोंधळत नाही. डब्यात हरभऱ्याच्या डाळीचे पीठ असले, म्हणजे झाले! तेलात मोहरी, कांदा, लसूण, मिरची व हळद यांची फोडणी करून ती पाणी घालते. (सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे.) पीठ मात्र आधी गार पाण्यात कालवून घ्यावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात पडले, की त्याचे बाहेरचे अंग तत्काळ शिजून घट्ट होते व आतले पीठ कोरडेच राहते. याच त्या गुठळ्या! पिठले पळीवाढे असावे, असे मला वाटते. घट्ट आवडणारेही पुष्कळ आहेत.

भाकरीसाठी ज्वारीचे पीठ याउलट कढत पाण्याने मळतात. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्याने पीठ चिकट होते आणि थापताना भाकरी चिरत नाही.

असे साधे अन्नही एके काळी अनेक मुलांना दुर्मिळ होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. अनेकांना ते रुचत नसे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलांचे सारे मायेने पाहत. एकदा वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा त्यांनी आपले मंगळसूत्र विकावयास काढून दिले. अंगावरचे इतर दागिने त्यापूर्वीच गेले होते.