बारा ज्योतिर्लिंगांचे फिरते चक्र

भिंतीवरील क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा टक् टक् करीत पुढे जातो. आत तारेचे एक वेटोळे असते; दर सेकंदास त्यात विजेचा एक ठोका आला की इवलेसे चुंबकी चाक अर्धा फेरा घेऊन थांबते. अशा ठोक्याठोक्याने चालणाऱ्या यंत्रास स्टेपर मोटर म्हणतात. चिक्कडपल्लीतील आपल्या मुलांना गणपतीपुढे हलता देखावा करावयाचा असेल, तर तिच्यासारखे साधन नाही. बारा ज्योतिर्लिंगांची चित्रे पुठ्ठ्याच्या हलक्या नळकांड्यावर चिकटवून दर मिनिटास एक चित्र समोर आणावयाचे आहे, असे समजू.

२८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची मोटर स्वस्त व पुरेशी आहे. तिच्या चार वेटोळ्यांच्या तारा निळी, गुलाबी, पिवळी व नारिंगी अशा असतात. लाल तार सामाईक, ती धन टोकास जोडावी. निळी-गुलाबी, गुलाबी-पिवळी, पिवळी-नारिंगी, नारिंगी-निळी या क्रमाने जोड्यांना वीज दिली की मोटर एकेक पाऊल टाकते. क्रम उलटा केला की उलट फिरते.

क्रम सांभाळण्याचे काम एमएसपी४३० या अल्पशक्ती मायक्रोकंट्रोलरकडे द्यावे. परंतु दोन वेटोळी मिळून सुमारे २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतात आणि याची टाचणी जेमतेम पाचसहा मिलिअँपिअर देऊ शकते. सबब मध्ये यूएलएन२००३ ही चकती हवीच. कंट्रोलरला ३.६ व्होल्टहून अधिक चालत नाही, म्हणून त्याला दोन सेल निराळे द्यावेत. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके मात्र एकत्र जोडावीत. हे न केल्याने मोटर नुसती थरथरते आणि मुले बिचारी प्रोग्रॅममध्ये चूक शोधीत बसतात.

आता खर्चाचा हिशेब. वेटोळी सतत चालू ठेवली तर २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल दहा तासांत संपतील. पहिल्या आरतीपासून रात्रीपर्यंतही पुरावयाचे नाहीत. वास्तविक चित्र बदलण्यास १७० पावले, प्रत्येकी ३ मिलिसेकंद, म्हणजे अर्धाच सेकंद लागतो. पुढे वीज तोडावी; दंतचक्रांच्या घर्षणाने नळकांडे जागीच राहते. सरासरी प्रवाह मग १.७ मिलिअँपिअरवर येतो आणि दहा दिवस सहज निघतात. कंट्रोलरनेही मधल्या वेळात झोपावे. ३२,७६८ कंपनांचा घड्याळी स्फटिक तेवढा जागा ठेवला, तर तो एक मायक्रोअँपिअरहून कमी घेतो. जागे झाल्यावर मात्र क्रम जेथे थांबला त्याच्या पुढच्या जोडीपासून सुरू करावा.

खरी गोम फेऱ्याच्या पावलांत आहे. मोटरीच्या आतील चाक ३२ पावलांत फिरते व दंतचक्रांचे प्रमाण ६४ सांगतात. म्हणजे २०४८ पावले. पण पुष्कळ मोटरींचे दाते मोजले असता प्रमाण ६३.६८ च्या आसपास भरते, म्हणून फेरा सुमारे २०३८ पावलांचा. फरक किरकोळ दिसतो, पण दर फेऱ्यास जवळजवळ १.८ अंश चूक होते. तासाला पाच फेरे, तेव्हा ९ अंश. चित्राची जागा ३० अंशांची. साडेतीन तासांच्या आत सोमनाथाच्या वेळी श्रीशैलमचा मल्लिकार्जुन समोर येईल!

म्हणून बारांपैकी दहा हालचाली १७० पावलांच्या व दोन १६९ च्या ठेवाव्यात. बेरीज २०३८ होते. तरीही अखंड चालल्यास दिवसाला सुमारे अडीच अंश सरकतेच. त्यावर उपाय, नळकांड्याच्या कडेला लहान चुंबक व खाली रीड स्विच बसवावा. सोमनाथ समोर येताना स्विच मिटला की पावलांची मोजणी शून्यापासून सुरू करावी.