अर्ज लिहायला बसशील तेव्हा

बाबू, वनविभागाला द्यायचा तुझा अर्ज वाचला. ती अंधारी रात्र, मचाणावरची राखण, रानडुकरांनी लोळवलेली तूर… वाचताना मलाही भरून आलं. पण पंचनाम्याला येणारा वनरक्षक पहिल्यांदा विचारेल, वावर कोणतं? ते दीड पानात कुठंच नाही.

असं लिही: ‘दि. 12 च्या रात्री गट क्र. 84 मधील दीड एकर तुरीत रानडुकरे शिरली. अंदाजे निम्मे पीक आडवे झाले. पंचनामा करून भरपाई मिळावी.’ वर विषय, खाली सही आणि मोबाइल नंबर, सोबत सातबारा आणि फोटो. खुरांच्या खुणा फोटोत यायला हव्यात. एक पाऊस झाला की त्या गेल्याच. राग, दुःख, सरकारचं कुठं चुकतं, हे डायरीत लिही, पानंच्या पानं लिही. आणि पांदण रस्त्याची तक्रार याच कागदावर घालू नको. दोन खात्यांचं काम एका अर्जात आलं, की तो कोणाचाच राहत नाही.

माहितीच्या अधिकारात तर आपल्या राज्याचा नियमच आहे: एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. तिथं ‘काहून झालं नाही?’ असं विचारलंस की उत्तर टाळायला वाट मिळते. ‘अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कारवाईच्या नोंदींची प्रत द्यावी,’ असं माग.

नाव-पत्त्यात आळस नको. आपलं सेवाग्राम आधी सेगाव होतं. गांधीजी 1936 मध्ये तिथं राहायला आले आणि त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं. पत्त्याचा हा घोळ मिटेना, तेव्हा 1940 मध्ये गावाचंच नाव बदललं. तुझ्यासाठी कोणी गाव बदलणार नाही, तेव्हा पिनकोड टाक!

मोठ्या आईला पत्र लिहिताना मात्र हे सगळं विसर. नोकरीला लागलेले पोट्टे घरीही ‘कळविण्यात येते की’ लिहितात, ते मला अजिबात खपत नाही. तिला कपाशीचं सांग, गाय व्यायली ते सांग, मधेच भलतीकडं भरकट. तारीख राहिली तरी ती रागवायची नाही.

आता हा अर्ज पुन्हा उतरव, दोन प्रती काढ. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. कारकून जेवायला गेलेत म्हणतील. बस तिथंच बाकावर.