शेळ्यांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह : आधी निदान, मग लस

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. अल्पभूधारक शेतकरी व भूमिहीन शेतमजूर यांच्या दृष्टीने दारातील चार शेळ्या म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी ठेव होय. ही ठेव अल्पावधीत बुडविणारा रोग म्हणजे सांसर्गिक फुफ्फुसदाह. ज्या कळपात तो पूर्वी आलेला नाही तेथे बहुतेक सर्व शेळ्या आजारी पडतात आणि त्यांपैकी शेकडा ६० ते ८० दगावू शकतात.

रोगाचे मूळ

या रोगाचे पहिले वर्णन १८७३ साली अल्जीरियात झाले. १८८१ मध्ये तुर्कस्तानातून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर तो दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत पोहोचला. तेथील पशुवैद्यक डंकन हचिअन यांनी तो संसर्गजन्य असल्याचे दाखवून दिले. बाधित कळपांची कत्तल आणि संपर्कातील कळपांना टोचणी या उपायांनी तेथे त्याचे उच्चाटन झाले. रोगकारक जंतू मात्र १९७६ साली केनियात प्रथम वेगळा करण्यात आला. हा मायकोप्लाझ्मा वर्गातील जंतू असून त्याला पेशीभित्तिका नसते. म्हणूनच पेनिसिलिनचा त्यावर परिणाम होत नाही. आजारी शेळी खोकते तेव्हा उडणाऱ्या तुषारांवाटे तो जवळच्या शेळीच्या श्वासात जातो. दाटीचा गोठा आणि आठवड्याचा बाजार ही त्याच्या प्रसाराची मुख्य ठिकाणे होत.

लक्षणे व निदान

ताप १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा त्याहून अधिक चढतो. शेळी चारा सोडते, खोकते, मान लांब करून व पुढचे पाय फाकवून उभी राहते, धापा टाकते. शवविच्छेदनात बहुधा एकाच बाजूचे फुफ्फुस घट्ट झालेले व बरगड्यांना चिकटलेले दिसते; छातीत पिवळसर पाणी साचलेले असते.

तथापि खोकणारी प्रत्येक शेळी याच रोगाची नसते. पीपीआरमध्येही ताप व खोकला असतो. परंतु त्यात तोंडात व्रण पडतात, हगवण लागते आणि मेंढ्यांनाही लागण होते. पाश्चुरेला जंतूंमुळेही फुफ्फुसदाह होतो. एका रोगाची लस दुसऱ्या रोगापासून संरक्षण देत नाही. पीपीआरची लस टोचली म्हणून गाव निर्धास्त झाले, असे होऊ नये. खात्रीसाठी फुफ्फुसाचा तुकडा व छातीतील पाणी बर्फात ठेवून तत्परतेने प्रयोगशाळेत पाठवावे लागते. हे काम पशुवैद्यकाचेच आहे. नमुने शक्यतो प्रतिजैविके देण्यापूर्वीच्या शेळीचे असावेत. हा जंतू प्रयोगशाळेत कष्टाने वाढतो. म्हणून पीसीआर तपासणीवर अधिक भर दिला जातो. राज्यात पुण्याजवळ औंध येथे पशुरोग अन्वेषणाची यंत्रणा आहे.

लस

केनियात विकसित झालेली, मृत जंतूंची सॅपोनिनयुक्त लस वर्षभराहून अधिक काळ संरक्षण देते असे आढळले आहे. लस निरोगी शेळीसाठी असते. ती औषध नव्हे. लागण होऊन गेलेली, परंतु लक्षणे न दिसणारी शेळी लसीकरणानंतरही आजारी पडू शकते. अशा वेळी दोष लसीला देऊन उरलेला कळप लसीकरणाविना ठेवणे घातक ठरते. लस थंडाव्यात ठेवावी आणि प्रत्येक शेळीसाठी निर्जंतुक सुई वापरावी. टेट्रासायक्लिन, टायलोसिन यांसारखी औषधे आरंभी दिल्यास गुण येतो. मात्र बरी दिसणारी शेळीही रोगवाहक राहू शकते.

पंचायतीची जबाबदारी

रोग दिसताच शेळ्या मिळेल त्या भावात विकण्याकडे पशुपालकाचा कल असतो. त्याची अडचण खरी असली, तरी त्या एका विक्रीने चार गावांत रोग पोहोचतो. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अशा रोगाचा संशय येताच वर्दी देणे व जनावर वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. ही वर्दी ग्रामपंचायतीमार्फत नजीकच्या पशुवैद्यकाकडे जावी, नवीन विकत आणलेल्या शेळ्या तीन ते चार आठवडे वेगळ्या बांधाव्यात आणि लसीकरणाची नोंद कळपनिहाय ठेवावी. शिक्षकांनी ही माहिती शाळेतील मुलांना दिली, तर ती त्याच दिवशी घरोघरी पोहोचेल. कारण गावोगाव शेळ्या राखणारे हात पुष्कळदा याच मुलांचे असतात.