शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर

कोर्टाचा कागद घरी आला की आपण आधी शिक्का पाहतो. मग नाव आपलेच आहे ना, ते पाहतो. पूर्वी तो कागद घेऊन कुणाच्या तरी दारात जावे लागे. आता तुम्हाला वाचता येते. तर कागदावरचे दोन आकडे तुम्ही स्वतः शोधायचे. पहिला आकडा तारखेचा. दुसरा आकडा दिवसांचा, म्हणजे किती दिवसांत काय करायचे त्याचा. या दुसऱ्या आकड्याला मुदत म्हणतात.

मुदत चुकली तर खरी बाजूही पडते. आपल्या देशात 1963 सालचा मुदतीचा कायदा आहे. त्यात लिहिले आहे की, मुदत संपल्यावर कुणी दावा आणला तर कोर्टाने तो काढून टाकायचा. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी काढून टाकायचा. हातउसने पैसे दिले असतील, तर ते वसूल करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. तीन वर्षे आणि एक दिवस झाला, तर पैसे खरोखर दिले होते का, हे कोर्ट विचारत बसत नाही.

आता प्रश्न असा, की मुदतीत रविवार येतात, सण येतात. मोहरमला कडेगावात उंच ताबूत उठतात. त्यांच्या भेटी पाहायला चहूकडून माणसे लोटतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यात खपतात. त्या दिवशी कोर्ट बंद, कचेरी बंद. मग तो दिवस मुदतीतून वजा होतो का?

होत नाही. कसे ते पाहू.

समजा, कडेगावात एक तात्या आहेत. त्यांच्यावर पैशाचा दावा झाला. समन्स नीट लागू झाले होते. पण तात्या तारखेला गेले नाहीत. कोर्टाने 9 जानेवारी 2025 या दिवशी एकतर्फी हुकूमनामा केला. असा हुकूमनामा रद्द करून घ्यायचा असेल, तर 30 दिवसांत अर्ज द्यावा लागतो. तात्या ओसरीवर बसून बोटे मोजू लागले. सूनबाई वर्गाला जाते, तिला आकडे येतात. ती भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन आली.

"चार रविवार वजा कर," तात्या म्हणाले. "दोन शनिवार कोर्ट बंद हुतं, तेबी वजा कर. बंद दिवसाचं कसलं मोजायचं?"

"मामंजी, ह्यो मजुरीचा हिशेब न्हवं," सूनबाई म्हणाली. "मजुरीत खाडा वजा हुतो. मुदतीत न्हाई हुत."

सूनबाईचे बरोबर आहे. मुदत एकदा सुरू झाली की ती रविवारी थांबत नाही, दिवाळीला थांबत नाही. मधल्या सगळ्या सुट्ट्या मोजायच्या. पहिला दिवस मात्र मोजायचा नाही. ज्या दिवशी निकाल झाला तो दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवसाला एक म्हणायचे. तात्यांचा निकाल 9 जानेवारीचा. म्हणून 10 जानेवारी हा पहिला दिवस. असे मोजत गेले की 30 वा दिवस 8 फेब्रुवारीला येतो.

त्या दिवशी शनिवार होता. महिन्यातला दुसरा शनिवार. आपल्याकडची कोर्टे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे तात्यांचा शेवटचा दिवसच सुट्टीचा निघाला. इथे मात्र कायदा सवलत देतो. मुदतीच्या कायद्याचे कलम 4 सांगते की, मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी कागद दिला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, 9 तारखेला, रविवार. म्हणून तात्यांना सोमवार, 10 फेब्रुवारीपर्यंत अर्ज देता आला असता.

आता हाच हुकूमनामा एक आठवडा आधी, 2 जानेवारीला झाला असता तर? मग 30 वा दिवस 1 फेब्रुवारीला आला असता. तोही शनिवारच. पण पहिला शनिवार. त्या दिवशी कोर्ट चालू असते. तात्यांना सोमवार मिळाला नसता. एका शनिवारी दोन दिवस वाढून मिळतात, दुसऱ्या शनिवारी एक तासही मिळत नाही. तेव्हा नुसता "शनिवार" म्हणून भागत नाही. कितवा शनिवार ते पाहावे लागते.

आणि कुणाचा शनिवार, तेही पाहावे लागते. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आहे. म्हणून तहसील कचेरी सगळ्याच शनिवारी बंद असते. बँका 2015 सालच्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद ठेवतात. तहसीलला कुलूप पाहून माणूस घरी परततो. वाटते, सगळेच बंद असेल. आणि त्याच दिवशी कोर्टात कारकून कागद घेत बसलेला असतो. अशाने पुष्कळांचे नुकसान होते. कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी वेगळी असते. ती कोर्टात पाहायला मिळते. ती पाहावी.

ज्या कोर्टात कागद द्यायचा, त्याच कोर्टाची सुट्टी धरायची, हेही ध्यानात ठेवा. कडेगावच्या दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल, तर 30 दिवस असतात. उच्च न्यायालयात जायचे असेल, तर 90 दिवस. सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या लोकांना उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. उच्च न्यायालयाची उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी आणि तालुक्याच्या कोर्टाची सुट्टी एकाच दिवशी सुरू होईल, असे नाही. आपले तालुक्याचे कोर्ट बंद दिसले म्हणून कोल्हापूरचेही बंद, असे समजू नये.

न्यायाधीशसाहेब रजेवर आहेत, म्हणजे कोर्ट बंद आहे का? नाही. त्यांचे काम दुसऱ्या न्यायाधीशांकडे दिलेले असते. कचेरी उघडी असते, कागद घेतात. गावचा बाजार असला, जत्रा असली, एसटी आली नाही, तरी कोर्ट बंद होत नाही. वकीलसाहेब परगावी गेले तरी होत नाही. मात्र कोर्ट नेहमीच्या वेळात थोडा वेळ जरी बंद राहिले, तरी तो सगळा दिवस बंद धरायचा, असे कलम 4 च्या खुलाशात आहे. एखाद्याचे निधन झाले आणि दुपारीच कोर्ट बंद केले, तर त्या दिवशी मुदत संपणाऱ्याला ही सवलत मिळते.

शेतकऱ्याला कोर्टापेक्षा कचेरीचा संबंध जास्त येतो. सातबाऱ्यावर नोंद चुकीची झाली, मंडल अधिकाऱ्यांनी ती मंजूर केली, तर प्रांतसाहेबांकडे अपील करता येते. त्याला 60 दिवस असतात. हे 1966 च्या जमीन महसूल कायद्यात आहे. शेवटचा दिवस रविवारी किंवा सरकारी सुट्टीत आला, तर सुट्टीनंतरचा दिवस शेवटचा धरावा, असे त्या कायद्यातही लिहिलेले आहे. म्हणजे नियम तोच. फक्त इथे शनिवार कचेरीचा धरायचा.

काही मुदती महिन्यांत असतात. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा देता येतो. तो सहा महिन्यांत द्यायचा. हे सहा महिने इंग्रजी. आपला चैत्र, वैशाख कोर्टाच्या हिशेबात येत नाही. चिठ्ठीवर तिथी लिहिली आणि "चार महिन्यांनी पैसे देईन" असे म्हटले, तरी मुदतीसाठी ते महिने इंग्रजीच धरतात. एखाद्या वर्षी अधिक महिना येतो. तिथीने मोजणाऱ्याचा हिशेब तेव्हा महिनाभर चुकतो.

मोहरमचेही तसेच. तो चंद्रावर चालतो. 2024 साली मोहरमची सुट्टी 17 जुलैला, बुधवारी होती. 2025 साली ती 6 जुलैला, रविवारी आली. मागच्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून यंदाची सुट्टी धरू नये.

हुंडीचा नियम तर उलटाच आहे. 1881 सालच्या कायद्याप्रमाणे हुंडीचे किंवा वायद्याच्या चिठ्ठीचे पैसे द्यायचा दिवस सुट्टीचा आला, तर ते पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यावे लागतात. कोर्ट पुढे ढकलते, सावकार मागे ओढतो!

मग कुठलेच दिवस वजा होत नाहीत का? होतात. निकालाची नक्कल मिळायला कोर्टाला जे दिवस लागतात, ते अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. नकलेसाठी अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, या तारखा नकलेवरच लिहिलेल्या असतात. त्या वाचाव्यात. पण नक्कल तयार झाल्यावर ती न्यायला तुम्ही महिनाभर गेला नाहीत, तर तो महिना तुमचा.

अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असले, तर कोर्ट उशीर माफ करू शकते. दवाखान्याचे कागद, असे काही दाखवावे लागते. नव्या दाव्याला ही माफी नाही. हातउशाच्या दाव्याची तीन वर्षे संपली की संपली.

या माफीबद्दल एक खटला सांगण्यासारखा आहे. तो आसामातला. तिथल्या शहरी पाणीपुरवठा मंडळाचा आणि एका ठेकेदार कंपनीचा तंटा होता. लवादाने निवाडा दिला. तो मंडळाला 26 ऑगस्ट 2003 रोजी मिळाला. तो रद्द करून घेण्याची मुदत तीन महिन्यांची. ती 26 नोव्हेंबरला संपली. कारण दाखवले तर कोर्ट आणखी 30 दिवस देऊ शकते, त्याहून जास्त नाही. ते 30 दिवस 26 डिसेंबरला संपले. कोर्टाला 25 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत नाताळची सुट्टी होती. मंडळाने 2 जानेवारी 2004 रोजी, कोर्ट उघडताच, अर्ज दिला. आपल्याला वाटेल, तात्यांच्या सोमवारसारखाच हा प्रकार. पण सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले की, सुट्टीची सवलत मूळ मुदतीला आहे, वाढीव दिवसांना नाही. मूळ तीन महिने नोव्हेंबरातच संपले होते आणि तेव्हा कोर्ट उघडे होते. मंडळाचा अर्ज गेला. 10 जानेवारी 2025 रोजी दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा सांगितली. सरकारी मंडळाकडे वकील होते, कारकून होते, तरी असे झाले. आपल्याकडे काय आहे? दिनदर्शिका आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. गरिबांनाही मिळतो.

सगळ्या देशाची मुदत थांबली, असे एकदाच घडले. करोनाच्या साथीत टाळेबंदी झाली. माणसाला गावाबाहेर पडता येईना. 23 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुदती वाढवण्याचा हुकूम केला. पुढे तो बदलत गेला. शेवटी 10 जानेवारी 2022 रोजी न्यायालयाने सांगितले की, 15 मार्च 2020 पासून 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचे दिवस मुदतीत धरू नयेत. ज्यांची मुदत या काळातच संपत होती, त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस दिले. ज्यांचे त्याहून जास्त दिवस उरले होते, त्यांना तेवढे दिले. म्हणजे इथे मधलेच दिवस वजा झाले. पण त्याला सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम लागला.

त्याच वेळी तामिळनाडूतला एक माणूस तुरुंगात होता. पोलिसांना आरोपपत्र द्यायला 60 किंवा 90 दिवस असतात. गुन्हा किती मोठा त्यावर ते ठरते. तेवढ्यात आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मुदत वाढवण्याचा हुकूम पोलिसांच्या या मुदतीलाही लागू आहे, असे सांगून त्याला जामीन नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने 19 जून 2020 रोजी ते मानले नाही. दावे आणि अपिले यांच्यासाठी वाढवलेली मुदत माणसाला कोंडून ठेवण्यासाठी वापरता येणार नाही, असे ठरले.

अटकेच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा. कुणाला पकडले, तर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केलेच पाहिजे. फक्त वाटेत लागणारा वेळ सोडायचा. हे आपल्या घटनेतच लिहिले आहे. तिथे रविवार नाही, दिवाळी नाही, मोहरम नाही. सुट्टीच्या दिवशीही हे काम पाहायला मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. शनिवारी रात्री घरच्या माणसाला नेले आणि कुणी म्हणाले, "उद्या कोर्ट बंद आहे, सोमवारी बघू," तर ते मानू नका. त्या दिवशी कोणते मॅजिस्ट्रेट नेमलेले आहेत ते विचारा, आणि किती वाजता नेले ती वेळ कागदावर लिहून ठेवा.